अग्नीची साक्ष

आपल्याकडे लग्न लागतं ते अग्नीच्या साक्षीने. सीतामाईची परीक्षा घेतली गेली तीही अग्नीकडूनच. अग्नी सगळं पाहतो आणि खोटं बोलत नाही, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. गंमत अशी, की विसाव्या शतकातल्या अमेरिकेतही शेकडो माणसं हीच समजूत बाळगून होती. ते भटजी नव्हते, आगीचा तपास करणारे सरकारी अधिकारी होते. जळून गेलेल्या घरात शिरायचं, भिंतीवरचे डाग, काचेच्या चिरा, जमिनीवरचे काळे पट्टे बघायचे आणि सांगायचं, की आग इथे लागली, अशी पसरली, आणि ती आपोआप लागली नाही, लावली आहे. आग आपली हकीकत स्वतःच लिहून ठेवते, वाचणाऱ्याला लिपी आली पाहिजे, असं ते म्हणत. त्यांच्या वाचनावर माणसं जन्मठेपेला गेली. काही मृत्युदंडापर्यंत पोचली.

मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध बदली तासापुरता. तरी गेले काही महिने मी या विषयाचं मिळेल ते वाचते आहे, कारण हा विषय वरवर रसायनशास्त्राचा असला तरी मुळात पुराव्याचा आहे. आणि पुरावा म्हटला की इतिहासाच्या शिक्षकाचे कान टवकारतातच.

आधी थोडी आगीची ओळख. लाकूड जळतं, मेण जळतं असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे लाकूड किंवा मेण तसंच्या तसं पेट घेत नाही. उष्णतेने त्यातून वाफ, वायू निघतात आणि ते हवेत मिसळून जळतात. मायकेल फॅरेडे हा बुकबाइंडरकडे उमेदवारी करून वर आलेला शास्त्रज्ञ. त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली, एकदा १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ मध्ये. ज्योतीच्या पोटात काचेची नळी धरून त्याने आतली वाफ बाहेर काढली आणि ती नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली. घरी करून बघण्याजोगा सोपा प्रयोग असा: मेणबत्ती विझवा आणि वात धुमसत असतानाच वर जाणाऱ्या धुराला काडी लावा. ज्योत धुराच्या वाटेने खाली उतरून वातीवर येऊन बसते. म्हणजे धूर हेसुद्धा न जळलेलं सरपणच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच फॅरेडेने आगीचा एक तपासही केला होता, हे मला माहीत नव्हतं. इंग्लंडात डरहॅम परगण्यातल्या हॅसवेलच्या कोळसाखाणीत २८ सप्टेंबर १८४४ ला स्फोट झाला आणि पंचाण्णव माणसं आणि पोरं गेली. (पोरं म्हणजे खरोखर पोरं. त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलं खाणीत उतरत.) चौकशीसाठी सरकारने फॅरेडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवलं. फॅरेडे चौकशीत साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारत होता, आणि स्वतः खाणीतही उतरला. तिथे हवेच्या झोताचा वेग कसा मोजता, असं त्याने विचारलं. तपासनिसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीतून टाकली आणि धूर किती वेळात कुठवर जातो हे घड्याळावर मोजून दाखवलं. ही दारू ठेवता कुठे, फॅरेडेने विचारलं. पिशवीत, तोंड घट्ट बांधून. आणि ती पिशवी? तुम्ही तिच्यावरच बसला आहात, असं उत्तर आलं! बसायला काहीतरी मऊ द्यावं म्हणून कोणीतरी ती पुढे केली होती.

असो. मुद्दा असा की फॅरेडे आणि लायेल यांनी त्या खाणीत आधाराच्या खांबांवर आणि भिंतींवर साचलेली कोळशाची धूळ भाजलेली पाहिली आणि लिहिलं, की स्फोट केवळ वायूचा नव्हता, हवेत उडालेली धूळही पेटली होती. जळकी खूण वाचणं ते हेच. पण त्यामागे या पदार्थाला ऊब दिली तर काय होतं याची पक्की माहिती होती. धुळीच्या या इशाऱ्याकडे खाणवाल्यांनी पुढे कित्येक वर्षं दुर्लक्ष केलं, ती वेगळी कथा.

पुढच्या शतकात अमेरिकेत आगीचा तपास ज्यांच्याकडे गेला ते बहुतेक अग्निशमन दलातले किंवा पोलिसातले लोक. शूर माणसं, यात शंका नाही. पण हे काम ते शिकले ते वरिष्ठांच्या मागे फिरून. वरिष्ठ सांगायचा, हे बघ, लाकडावर मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत फुगवटे आले म्हणजे आग झपाट्याची, तेल ओतलेली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा म्हणजे एकदम प्रचंड उष्णता, पुन्हा तेल. जमिनीवर डबक्याच्या आकाराचा डाग म्हणजे तिथे काहीतरी ओतलं. आग वर चढते, खाली उतरत नाही, तेव्हा जमीन जळाली म्हणजे घातपात. काँक्रीटचे पोपडे उडाले, पलंगाच्या स्प्रिंगा बसल्या, तरी घातपात. कनिष्ठ मान डोलवायचा, आणि वीस वर्षांनी तोच वरिष्ठ होऊन हेच सांगायचा. १९७७ साली एका सरकारी पाहणीत या खुणांची यादी केली गेली आणि सोबत शेराही मारला, की यांची शास्त्रीय तपासणी झालेली नाही. तपासणी झाली नाहीच. उलट १९८० च्या एका सरकारी हस्तपुस्तिकेत त्याच खुणा पुन्हा छापून आल्या, आणि छापलेलं म्हणून त्यांना आणखी वजन आलं.

हे वाचताना मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींवर कोरडे ओढले. ऐकीव, मागाहून लिहिलेल्या, तारखांचा मेळ नसलेल्या बखरींपेक्षा त्या दिवशीचा अस्सल कागद खरा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी गावोगाव हिंडून, अडगळीतून, माळ्यावरून त्यांनी दप्तरं जमवली. अमेरिकेतल्या आगतपासनिसांच्या हाती जे होतं ती बखर होती. अस्सल कागद मिळवायचा तर एकच मार्ग होता, मुद्दाम घर पेटवून बघायचं.

तशी संधी १९९१ मध्ये आली. फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरचं एक घर ऑक्टोबर १९९० मध्ये जळालं आणि बायका-मुलं मिळून सहा जण गेले. घरातला पुरुष वाचला. मुलाच्या हातून कोच पेटला असं तो सांगत होता. तपासनिसांना व्हरांड्याच्या जमिनीवर ओतल्यासारखे डाग दिसले आणि सहा खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. सरकारी वकिलांनी जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान या दोन जाणकारांना बोलावलं. योगायोगाने शेजारचं घर हुबेहूब त्याच बांधणीचं होतं आणि पाडायचंच ठरलेलं होतं. त्यांनी त्यात तसाच कोच, तसाच गालिचा, तसेच पडदे मांडले आणि नुसता कोच पेटवला. तेल नाही, रॉकेल नाही, काही नाही. अशा आगीला घर व्यापायला पंधरा-वीस मिनिटं लागतील असा लेंटिनीचा अंदाज होता. साडेचार मिनिटांच्या आत सगळी खोली एकदम पेटली आणि ज्वाळा व्हरांड्यात घुसल्या. आग विझल्यावर पाहिलं, तर जमिनीवर तसेच 'ओतलेले' डाग! खटला मागे घेतला गेला. लेंटिनी त्यानंतर जन्मभर या बखरींच्या मागे लागला.

एकदम पेटली म्हणजे काय, ते सांगते. या प्रकाराला फ्लॅशओव्हर म्हणतात. आता धूर म्हणजे न जळलेलं सरपण, हे आठवा. बंद खोलीत कोच पेटला की गरम धूर वर जाऊन छताला साचतो. थर जाड होत खाली येतो आणि तापत जातो. पाच-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तो पोचला, की त्याची धग वरून खाली अशी पडते की खोलीतलं सगळं, मेजावरचा कागद, गालिचा, खेळणी, ज्वाळेचा स्पर्शही न होता पेट घेतं. त्या क्षणापर्यंत ती खोलीतली आग असते, त्यानंतर खोलीच आग होते. मग जमीन जळते, पलंगाखालचंही जळतं. फोमच्या गाद्या आणि कोच घरोघर आल्यापासून हे सारं मिनिटांवर आलं आहे.

त्यापुढचं ज्यांनी चूल फुंकली आहे त्यांना शिकवायला नको. सरपण कितीही असो, फुंकणीतून वारा जिथे लागतो तिथे निखारा फुलतो. फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत सरपण उदंड आणि हवा मात्र दाराखिडकीतून येईल तेवढीच. म्हणून सगळ्यात खोल जळतं ते दारापाशी, खिडकीखाली. आग सुरू कुठे झाली याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. जुने तपासनीस मात्र जिथे सर्वात जास्त जळालं तिथेच सुरुवात झाली असं धरत. दोन-तीन ठिकाणी खोल जळालेलं दिसलं की दोन-तीन ठिकाणी पेटवलं, म्हणजे मुद्दामच, हा त्यांचा हिशोब.

आणि काचेच्या त्या बारीक चिरा? २० ऑक्टोबर १९९१ ला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. पंचवीस माणसं गेली, तीन हजारांच्या आसपास घरं खाक झाली. ती कोणी तेल ओतून जाळलेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. लेंटिनी आणि त्याच्या सोबत्यांनी त्यातली पन्नास घरं तपासली. बारा घरांत तशाच चिरा पडलेल्या काचा सापडल्या. पुढे प्रयोगशाळेत काचा तापवून पाहिल्या. कितीही झटकन तापवा, त्या चिरा येत नाहीत. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की येतात. म्हणजे घातपाताची खूण म्हणून जी कोर्टात दाखवत ती बंबवाल्यांच्या पाण्याची खूण होती. माझी आजी हे वाचून हसली असती. तापल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला की काच गेली, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो खटला.

टेक्सासमधलं कॉर्सिकाना हे लहानसं गाव. २३ डिसेंबर १९९१, नाताळच्या दोन दिवस आधीची सकाळ. कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम हा तेवीस वर्षांचा बेकार मेकॅनिक तीन मुलींसह घरी होता, मोठी दोन वर्षांची आणि एक वर्षाच्या जुळ्या. बायको बाहेर गेली होती. घराला आग लागली, तो बाहेर आला, मुली आत राहिल्या. तिघीही गेल्या.

तपासाला गावच्या दलातले एक आणि राज्याच्या अग्निशमन खात्यातले एक, असे दोघे आले. राज्यातर्फे आलेल्या तपासनिसाने पुढे कोर्टात सांगितलं, की आपण बाराशे ते पंधराशे आगी तपासल्या आणि जवळजवळ सगळ्या लावलेल्या निघाल्या. ज्या परीक्षकाला हजार उत्तरपत्रिकांत सगळेच नापास दिसतात त्याच्याविषयी मुख्याध्यापक काय करतील, ते शिक्षक मंडळींनीच सांगावं. त्या घरात त्यांना वीसच्या वर खुणा दिसल्या. जमिनीवर डबकी, पलंगाखाली जळालेली फरशी, काचेच्या चिरा, आग तीन ठिकाणी सुरू झाल्याचा पुरावा. प्रयोगशाळेत नमुने पाठवले, त्यातल्या फक्त एकात, पुढच्या दाराच्या उंबऱ्यापाशी, कोळशाची शेगडी पेटवायला वापरतात तसल्या द्रवाचा अंश मिळाला. त्या ओट्यावर मांस भाजायची शेगडी होतीच.

तपासनिसांनी घातपात म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या आठवणीही फिरल्या. आधीच्या जबाबात तो दारात किंचाळत होता, त्याला धरून ठेवावं लागलं. नंतरच्या जबाबांत त्याचं रडणं दिखाऊ झालं, आणि त्याने आपली गाडी आगीपासून दूर नेली तेवढंच लोकांना आठवू लागलं. माणूस काही आदर्श नव्हता. पूर्वी चोऱ्यामाऱ्या केलेल्या, बायकोवर हात उचललेला. खोलीत लावलेली रॉक बँडची कवटीची चित्रंसुद्धा कोर्टात त्याच्याविरुद्ध आली. तुरुंगातल्या एका कैद्याने याने आपल्याजवळ कबुली दिल्याचं सांगितलं. गुन्हा कबूल केलास तर मृत्युदंडाऐवजी जन्मठेप, असा प्रस्ताव आला होता. त्याने तो नाकारला. ऑगस्ट १९९२ मध्ये ज्यूरीने तासाभरात त्याला दोषी ठरवलं.

तारखा पुन्हा बघा. लाइम स्ट्रीटचा प्रयोग होऊन गेला होता. ओकलंडच्या काचा आगीच्या दोन महिने आधीच्या. खुद्द १९९२ सालीच अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने, एनएफपीएने, तपासाची नवी मार्गदर्शिका काढली. '९२१' या क्रमांकाने ती ओळखली जाते आणि जुन्या खुणांवर भिस्त ठेवू नका असं ती सांगते. खटला उभा राहण्याआधी ती छापून झाली होती. ज्ञान उपलब्ध होतं. फक्त कॉर्सिकानाच्या कोर्टात ते कोणी आणलं नाही. इतकंच नाही, मार्गदर्शिका आल्यावरही तपासनिसांनी ती चटकन स्वीकारली नाही. पुढे एका दाव्यात त्यांच्याच संघटनेने कोर्टापुढे म्हणणं मांडलं, की आमचं काम म्हणजे काटेकोर विज्ञान नव्हे, तेव्हा विज्ञानाची कसोटी आम्हाला लावू नका! १९९८ साली कोर्टाने ते अमान्य केलं. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. माणसाला मरणापर्यंत नेताना विज्ञानाचं नाव चालतं, परीक्षा म्हटली की ते नको.

इथे जरा आपल्या घराकडे वळते, कारण हे वाचताना मनात सारखं तेच येत होतं. आपल्याकडे १९७०-८० च्या दशकांत 'स्टोव्हचा भडका उडून सून भाजली' अशी बातमी दर आठवड्याला वर्तमानपत्रात असे. स्टोव्हचे भडके सासूच्या पदराला कधी लागत नसत, सुनेच्याच लागत. १९८३ आणि १९८६ मध्ये कायदे बदलावे लागले, तेव्हा कुठे लग्नानंतर सात वर्षांच्या आत अशी बाई गेली तर हुंड्याच्या छळाची चौकशी होऊ लागली. तिथे अपघाताला खून म्हटलं गेलं, इथे कित्येक खुनांना अपघात. दोन्हीकडे जळालेल्या जागेकडे नीट कोणी बघितलं नाही. गावाला आधीपासून जे वाटत होतं तेच राखेत दिसलं.

विलिंगहॅम बारा वर्षं मृत्युकोठडीत होता. ह्यूस्टनची एक शिक्षिका (बघा, शिक्षिकाच!) पत्रमैत्रीतून त्याला भेटायला जाऊ लागली आणि खटल्याची कागदपत्रं स्वतः वाचत बसली. साक्षीदारांचे आधीचे आणि नंतरचे जबाब जुळत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं. शेवटच्या आठवड्यांत ते कागद ऑस्टिनच्या जेराल्ड हर्स्ट यांच्याकडे गेले. हर्स्ट केंब्रिजचे डॉक्टरेट मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ, पूर्वी स्फोटकांवर काम केलेले. त्यांनी एकेक खूण घेतली आणि खोडली. डबकी म्हणजे फ्लॅशओव्हर. काच म्हणजे पाणी. तीन ठिकाणच्या सुरुवाती म्हणजे एकच आग, दारखिडक्यांच्या वाऱ्याने फुललेली. उंबऱ्यावरचा द्रव शेगडीचा. आग कशाने लागली हे त्यांनी सांगितलं नाही. आग लावली असं म्हणायला शास्त्रीय आधार नाही, एवढंच सांगितलं. इतिहासातही आपण कित्येकदा एवढंच म्हणू शकतो, आणि ते म्हणायला धैर्य लागतं.

तो अहवाल माफी मंडळाकडे आणि गव्हर्नर रिक पेरी यांच्या कार्यालयाकडे गेला. माफी नाकारली गेली. १७ फेब्रुवारी २००४ ला हंट्सव्हिलच्या तुरुंगात विषारी इंजेक्शन देऊन त्याला मृत्युदंड दिला. वय छत्तीस.

नंतर पुष्कळ झालं. टेक्सासच्या न्यायवैज्ञानिक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने, क्रेग बेलर यांनी, २००९ च्या अहवालात जुन्या तपासाच्या चिंध्या केल्या. त्यावर सुनावणी व्हायच्या दोन दिवस आधी गव्हर्नरसाहेबांनी आयोगाचे काही सदस्य बदलले, अध्यक्षांसह. २०१३ मध्ये टेक्सासने कायदा केला, की शिक्षा ज्या शास्त्रावर बेतली ते शास्त्रच पुढे चुकीचं ठरलं तर कैद्याला पुन्हा कोर्टात जाता येईल. २०१४ मध्ये विलिंगहॅमसाठी केलेला मरणोत्तर माफीचा अर्ज मात्र फेटाळला गेला.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा. २००५ साली लास व्हेगासला दोन सारख्या खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर दोनेक मिनिटं जळू दिल्या, विझवल्या आणि त्रेपन्न तपासनिसांना विचारलं, की खोलीच्या चार भागांपैकी कोणत्या भागात आग सुरू झाली? नुसत्या अंदाजाने चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तेरा जण बरोबर यायला हवेत. पहिल्या खोलीत तीन जण बरोबर आले. दुसऱ्या खोलीतही तीनच.

टेक्सासमध्येच अर्नेस्ट विलिस नावाचा आणखी एक माणूस होता. १९८६ मध्ये इराॅन गावातलं एक घर जळून दोन बायका मेल्या, त्यासाठी त्याला मृत्युदंड झाला होता. त्याच्याही खटल्यात जमिनीवर तशीच डबकी, आणि बाहेर उभा असताना तो पुरेसा दुःखी दिसला नाही अशीच साक्ष. त्याचं प्रकरण पुन्हा कोर्टात आलं तेव्हा नव्या सरकारी वकिलांनी ते कागद तपासायला दिले, त्याच जेराल्ड हर्स्टना. हर्स्ट यांनी जवळपास तोच अहवाल दिला. वकिलांनी आरोप मागे घेतला. सतरा वर्षं मृत्युकोठडीत काढून विलिस सुटला, ऑक्टोबर २००४ मध्ये. विलिंगहॅमला जाऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.